दहावा हिस्सा माफ

मुक्काम हुबळी
१२ ऑगस्ट १९६४

तीर्थरूप मामांच्या पायांवर ईटच्या बलभीमनं लांबूनच डोकं ठेवलंय. जवळ आलो तर तुम्ही पाय मागं घ्याल.

तुमचं पत्र आधी आईकडं ईटला गेलं, तिथून सोलापूरला, आणि मी सोलापूर सोडलेलं असल्यामुळं पुढं हुबळीला आलं. पत्र माझ्यापेक्षा जास्त फिरलं, तरी त्याला कुणी भटक्या म्हणत न्हाय.

दोनदा वाचलं. चौथीपर्यंतच शिकलोय, तरी एवढं कळलं. सत्यभामानं औरंगाबादेला बी. एड. करायला सरकारची कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली. तुम्ही वाशीचं राहतं घर लिहून देऊन तिला जामीन राहिलात. आता ती वाशीच्याच हायस्कुलात मास्तरीण झाली. सरकारचा नियम असा की मास्तरकी करत राहिली तर दर वर्षी कर्जाचा दहावा हिस्सा माफ, दहा वर्षांत सगळंच सुटलं. मधेच सोडली तर राहिलेलं हप्त्यानं फेडायचं, आणि हप्ते थकले तर घरावर जप्ती. म्हणून तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं सत्यभामाचं लग्न करायचं न्हाय, बलभ्यानं दुसरी बघावी.

मामा, दहा वर्षांनी मी चौतिशीचा होईन. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे आईनं मला पाळण्यात सांगितलंय. सरकारचा हक्क नंतरचा. सरकार तर आपल्याकडं आत्ता आलं, निजाम गेल्यावर.

तुमचा खरा राग परंड्याच्या दुकानाचा हाय. तुम्ही शब्द टाकून मला कापडाच्या दुकानात लावलं आणि मी पळालो, असं तुम्ही सगळ्या वाशीला सांगितलंय. मी पळालो न्हाय. दुपारची वेळ, गिऱ्हाईक न्हाय, समोर कुर्डुवाडीची मोटार उभी, आणि आत खिडकीची जागा मोकळी. एवढंच झालं.

आता हुबळीत एका खानावळीत कायमचा लागलोय. मालक लेकासारखा मानतो. तेव्हा माझी काळजी नसावी. कर्ज कायद्यानं कसं सुटंल त्याचा तपास मी लावतो.

आणखी एक. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माझी पत्रं सत्यभामा वाचून दाखवती आणि तुम्ही सांगाल ते तीच लिहून धाडती, असं आईनं कळवलंय. म्हणून खुलासा करतो. हे पत्र फक्त मामांना हाय. वाचणारानं मोठ्यानं वाचावं आणि मनावर घेऊ नये. घेतलंच तर माझी हरकत न्हाय.

तुमचा भाचा
बलभीम


मुक्काम गुलबर्गा, सिनेमाचा तंबू
२६ ऑक्टोबर १९६४

तीर्थरूप मामांना गुलबर्ग्याहून दंडवत.

हुबळीचं पाणी बाधलं. शिवाय मालक लेकासारखा मानायचा म्हणजे पगार द्यायचा न्हाय. लेकाला कोण पगार देतं.

आता फिरत्या सिनेमात कायमचा हाय. पावसाळा सरला की तंबू निघतो, जत्रेच्या गावी मुक्काम. मशीन चालवणारा चाँदपाशा आपल्या परंड्याचाच, तुम्ही त्याचा बाप बघितला असंल, शेरवानी शिवायचा. हा चाँदपाशा आधी एका वकिलाच्या दारात चार वर्षं बसलेला हाय. आत न्हाय, दारात. तरी कायदा लई ऐकलाय. त्याच्यापुढं आपलं प्रकरण मांडलं. त्यानं मशीनला तेल घालत घालत मार्ग सांगितले, ते तुम्हाला लिहितो.

पहिला मार्ग, कर्ज घेणारा मेला तर कर्ज माफ. मी म्हटलं, "हे मामाला लिहू का?" तर म्हणाला, "लिख, मगर पहिल्या ओळीत लिहू नको." म्हणून इतक्या खाली लिहिलंय. मरायचं कुणी न्हाय, फक्त कायदा काय म्हणतो ते कळावं.

दुसरा, कर्ज घेणारा वेडा झाला आणि सिव्हिल सर्जननं तसं लिहून दिलं तर माफ. मी म्हटलं, सत्यभामा इतकी शहाणी की सर्जनच घाबरंल. चाँदपाशा म्हणाला, "ती तुझ्याशी लग्नाला तयार हाय एवढं त्याला सांग, तो बसल्या जागी सही करतो."

तिसरा, जामीनदारानं दिवाळं काढायचं. म्हणजे तुम्ही. यात तुम्हाला विशेष काही करावं लागत न्हाय, वाशीतली उधारीची गिऱ्हाइकं तशीही तुमच्याच किराणा दुकानात येतात.

चौथा मार्ग साधा हाय. मास्तरकी सोडल्यावर हप्ता जड जात असंल तर अर्ज करायचा, मिळकत बघून हप्ता लहान करून मिळतो, मुदत वाढते. तेव्हा लग्न करून सत्यभामाला मी घेऊन जातो, आणि लहान केलेला हप्ता दर महिन्याला मी भरतो. माझी मिळकत बघितल्यावर सरकार हप्ता लईच लहान करंल, याची मला खात्री हाय. पहिला हप्ता आजच मनीऑर्डरनं धाडणार होतो, पण काल चाँदपाशाची बहीण लालबी हिला मुलगा झाला आणि आम्ही सगळ्यांनी जिलेबी खाल्ली.

यातला कुठला पसंत ते कळवा. वाचणाराला कुठला पसंत तेही कळलं तर बरं.

तुमचा
बलभीम


मुक्काम साखर कारखाना, कोल्हापूरकडं
२८ नोव्हेंबर १९६४

तीर्थरूप मामांना कोपरापासून नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही लिहवलंय, "बलभ्या, माझ्या पोरीला मारतोस, येडी करतोस, मला दिवाळखोर ठरवतोस. तिघांतलं एक तरी तू स्वतः होऊन दाखव." हे वाचून चाँदपाशा म्हणाला, तुझा मामा वकील व्हायला पायजे होता.

पण त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. त्या तुम्ही सांगितलेल्या न्हाईत हे मला लगेच कळलं, कारण त्यात मला "तुम्ही" म्हटलंय. तुम्ही मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं न्हाय. त्या ओळी खाली उतरवतो. आता त्या तुम्हाला वाचून दाखवाव्याच लागतील.

"करारात लग्न करू नये असं कलम नाही. ते आबांनी स्वतःच धरलंय, कारण लग्न झालं की पोरीनं नोकरी सोडायची असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. शाळा कुठलीही चालते, फक्त ती सरकारमान्य पाहिजे. मात्र दर वर्षी हेडमास्तरांचा दाखला जोडावा लागतो की मी वर्षभर सलग शिकवलं. सरकार तोंडी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवत नाही. तुम्ही एका जागी सलग वर्षभर राहिल्याचा दाखला आणा. मग तिथली शाळा मी बघते."

मामा, इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी एवढं कायद्यानं बोललं नव्हतं. मी तंबूच्या दोऱ्या वळत होतो, तिथंच बसून राहिलो. चाँदपाशा म्हणाला, "बलभीम, एक साल? तू एका जागी बसून पूर्ण सिनेमा तरी बघितलास का?" बघितला न्हाय, हे खरं हाय. मध्यंतराला मी बाहेर येतो.

तरी त्याच आठवड्यात तंबू सोडला आणि इथं आलो. हे माझं शेवटचं सोडणं. इथं गव्हाणीवर काम. गव्हाण म्हणजे ऊस खाली ओतायची जागा, तिथून पट्टा ऊस वर चरकात नेतो. गाड्या येतात, ट्रक येतात, ऊस येतो, सगळं जग माझ्याकडं येतं, आणि मी तिथंच उभा. पहिल्या दिवशी पाय इतके शिवशिवले की दुपारच्या सुट्टीत कारखान्याला दोन फेऱ्या मारल्या.

टाइम ऑफिसात गोरोबा म्हणून हजेरी मांडणारे हाईत. त्यांना विचारलं, वर्षाचा दाखला कोण देतं? ते म्हणाले, "आज लागलास आणि आजच दाखला?" मी म्हटलं, फॉर्म कसा असतो तेवढं बघू द्या.

तुमचा
बलभीम

ता. क. इथं हवा चांगली हाय, मळीचा वास सोडला तर.


मुक्काम कारखाना
२० फेब्रुवारी १९६५

तीर्थरूप मामांना दंडवत.

हजेरी चालू हाय. एक दिवस सुद्धा खाडा न्हाय. मधे एक रात्र मी खोलीवर नव्हतो हे तुमच्या कानावर येईल, आईला कुणीतरी सांगितलंय, म्हणून आधीच लिहितो.

कारखान्याच्या बाजाराला चाँदपाशाचा तंबू आला होता. तीन खेळ झाले. चौथ्या दिवशी दुपारी माझी पाळी सुटली, तेव्हा ट्रक भरताना तो म्हणाला, "आता सीधा गोवा. फिरंगी गेले, आता आपल्या तंबूला परवाना मिळतो. समुंदर बघायचा का?" मामा, मी समुद्र बघितलेला न्हाय. ट्रकमधे बसलो ते फक्त सीट कसली हाय ते बघायला. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी चालू केली. आता चालू गाडीतून उतरणं बरं दिसत न्हाय.

निपाणीच्या नाक्यावर चहाला थांबलो. चाँदपाशानं दोन कप मागवले आणि म्हणाला, "तुझी मास्तरीण आता वर्गात हजेरी घेत असंल." वाईट मनानं न्हाय म्हणाला, सहज म्हणाला. मी चहा तसाच ठेवला आणि उलट्या दिशेच्या उसाच्या गाडीवर चढलो. बैलगाडी होती. रात्रभर बैलांच्या चालीनं आलो आणि पहाटे भोंगा व्हायच्या आत गव्हाणीवर उभा राहिलो. गोरोबा म्हणाले, "डोळे का लाल?" मी म्हटलं, अभ्यास केला.

दुसरं, कामाचं. कारखान्याच्या वसाहतीत हायस्कूल हाय. हेडमास्तर महालिंगप्पा, गृहस्थ थोर, पण कानडी असल्यामुळं मराठीत सावकाश रागावतात. त्यांना विचारलं, शाळा सरकारमान्य हाय का? त्यांनी भिंतीवरच्या चौकटीतला कागद दाखवला. मी स्टूल घेऊन चौकट खाली उतरवली, शिक्का उजेडात धरून बघितला आणि परत लावली. जरा तिरकी लागली. "तुमच्या मुलाला घालायचं आहे काय शाळेत?" म्हणाले. मी म्हटलं, मुलाला उशीर हाय, आधी मास्तरणीला घालायचंय. जूनच्या पुढच्या जूनमधे त्यांना गणिताला बाई लागणार हाईत. सत्यभामाचा विषय गणितच हाय. हे वाचणाराला माहीत हाय, तुम्हाला सांगतोय.

तुमचा
बलभीम


मुक्काम कारखाना
९ मे १९६५

तीर्थरूप मामा,

पंचाईत झालीय.

कारखाना बंद झाला. म्हणजे बुडाला न्हाय, ऊस संपला. मला वाटलं होतं कारखाना म्हटला की बारमाही. गोरोबा म्हणाले, "लेका, ऊस काय नळाला येतो का? दिवाळीनंतर पूजा करून उसाची पहिली मोळी टाकायची, उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे बंद झाला, की हंगामी माणसानं घरी जायचं." मी विचारलं, मग वर्ष? ते म्हणाले, "आमच्यात हंगामालाच वर्ष म्हणतात. मी इथं सात वर्षं हाय म्हणजे सात हंगाम."

त्यांनी दाखला दिलाय, शिक्क्यासह. पण त्यावर लिहिलंय "एक हंगाम सलग". वर्ष म्हणून लिहा म्हटलं तर लिहीनात. म्हणाले, खोटा दाखला मागणारा तू पहिलाच, बाकीचे खोटी रजा मागतात.

आता मामा, माझं म्हणणं नीट ऐका, आणि वाचणारानं तर फारच नीट वाचावं. सत्यभामाची शाळा सुद्धा उन्हाळ्यात बंद असते. आत्ता या मे महिन्यात ती घरी बसून तुम्हाला पत्र वाचून दाखवतीय. शिकवत न्हाय. तरी सरकार ते वर्ष सबंध धरतं आणि दहावा हिस्सा माफ करतं. का, तर पोरं आली न्हाईत यात मास्तरचा दोष न्हाय. मग ऊस आला न्हाय यात माझा काय दोष? तिची सुट्टी वर्षात धरली जाते तर माझीही धरावी. सरकारला एक कायदा आणि बलभीमला दुसरा, असं करू नये.

हे मी कुणाला विचारून लिहिलेलं न्हाय. चाँदपाशा गोव्यात हाय. माझ्याच डोक्यातून निघालं.

तुमचा
बलभीम


मुक्काम ईट
१७ जून १९६५

तीर्थरूप मामांना ईटहून नमस्कार.

तुम्ही लिहवलेलं वाचलं. "हा उसाची आणि पोरांची तुलना करतो, याला पोरगी देऊन काय करू." ते राहू द्या.

खालच्या बारीक ओळींत निकाल आलाय. लिहिलंय की सुट्टी धरली जाते, पण त्याला अट हाय. मास्तर सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळेत हजर पाहिजे, आणि सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी हजर पाहिजे. मधे कुठंही जावो. पहिल्या दिवशी गैरहजर, तर सगळी सुट्टी गेली आणि वर्षही मोडलं. "तोच नियम तुम्हाला. पट्टा पडला त्या दिवशी तुम्ही होता, ते दाखल्यात आहे. आता पुढच्या मोळीच्या दिवशी हजर राहून दाखवा. मी बघायला येणार आहे. आबांनाही आणणार आहे. महालिंगप्पांनी मला भेटायला बोलावलं आहे."

तिच्या एका वर्षाचा दहावा हिस्सा माफ झाल्याचा सरकारी कागद आला, हेही तिनं लिहिलंय. वाचून मलाच हलकं वाटलं.

मधे कुठंही जावो असं लिहिलंय, म्हणून मी गोव्याला जाऊन समुद्र बघून आलो. मोठा हाय. तोही एका जागी राहून सारखा हलतो. मला बरं वाटलं.

आईनं, म्हणजे तुमच्या धुरपताबाईनं, नांगरणीला ठेवून घेतलंय. ती म्हणती, मोळीच्या आठ दिवस आधीच जा, तुझा भरवसा न्हाय. मी म्हटलं, पंधरा दिवस आधी जातो.

तुमचा
बलभीम


मुक्काम कारखाना
१० नोव्हेंबर १९६५

तीर्थरूप मामा,

काल मोळीला तुम्ही इथं होतात, माझ्यापासून दहा पावलांवर. तरी हे पत्र लिहितोय, कारण तुम्हाला गलका ऐकू आला आणि काय चाललंय ते दिसलं न्हाय. सत्यभामानं परतीच्या मोटारीत सांगितलं असंल, पण तिनं तिच्या बाजूचं गाळलं असंल.

मी पंधरा दिवस आधीच आलो होतो. आदल्या रात्री गव्हाणीजवळच पथारी टाकली, झोप लागली तर तिथंच लागावी. सकाळी अंघोळ करून टाइम ऑफिसाच्या खिडकीशी उभा राहिलो. मांडव, केळीचे खांब, चेअरमनसाहेबांचा फेटा, सगळं माझ्या मागं. मी म्हटलं, गोरोबा, हजेरी मांडा. गोरोबा म्हणाले, "आज हजेरी नसती. आज पूजा. हजेरीपट उद्यापासून."

मामा, माझ्या पायाखालची जमीन गेली. वर्षभर राबलो ते या एका दिवसासाठी, आणि या दिवसाला हजेरीच न्हाय. मी म्हटलं, मांडा. ते म्हणाले, "पगार न्हाय आज." मी म्हटलं, पगार नको, हजेरी द्या. ते म्हणाले, "या कारखान्यात फुकट हजेरी मागणारा तू पहिलाच." मग मी खिडकीतून हात घालून हजेरीपट ओढला, त्यांनी दुसरीकडून ओढला, तो जो आवाज तुम्ही ऐकला तो गोरोबांचा. तेवढ्यात चेअरमनसाहेबांनी मोळी टाकली आणि बँड वाजला, म्हणून बरं.

तुम्ही विचारलंत, "कोण मारामारी करतंय?" ते मी ऐकलं. महालिंगप्पा म्हणाले, "कामावर घ्या म्हणून भांडतो आहे. असा माणूस मी इथे पाहिला नाही." तुम्ही म्हणालात, "मग तो आमचा बलभ्या नसंल."

तेव्हा सत्यभामा खिडकीशी आली. दोन वर्षांनी बघत होतो. बारीक झालीय, चष्मा लागलाय, आणि चष्म्यातून ती हजेरीपटाकडं बघत होती, माझ्याकडं न्हाय. म्हणाली, "गोरोबाकाका, राहू द्या. यांची हजेरी मी घेतली."

मी हजेरीपट सोडला. गोरोबा पलीकडं खुर्चीवर पडले.

मग तुम्ही काठी टेकत आलात, माझ्या सदऱ्याला हात लावलात आणि म्हणालात, "मळीचा वास येतोय अंगाला." मी म्हटलं, पगारी वास हाय, मामा. तुम्ही हात काढला न्हाईत.

तिकडं तोंड करून तुम्ही तिला विचारलंत, "आता काय म्हणणं हाय तुझं?" ती काय म्हणाली ते बँडच्या आवाजात तुमच्या कानावर पडलं न्हाय. माझ्या पडलं. म्हणून लिहितो, आणि हे वाचताना तिचा आवाज बारीक झाला तर समजून घ्या.

ती म्हणाली, "यांनी आबांना जेवढा ताप दिलाय त्याचा दहावा हिस्सा माफ. सरकारनं माझा एक सोडला, मी यांचा एक सोडला."

मी म्हटलं, आणि राहिलेले नऊ?

ती चष्मा पुसत म्हणाली, "ते नांदता नांदता सुटतील. माझेही नऊच आहेत."

तेव्हा मामा, मे महिन्यातली तिथ बघा. जूनमधे ती इथल्या शाळेत येईल, महालिंगप्पांनी होकार दिलाय. क्वार्टरला दोन खोल्या हाईत, त्यातली हवेशीर तुमची. मोतीबिंदू काढायला मिरजेला इथून मोटार जाते.

भोंगा झाला. आज हजेरी मांडतात, जातो.

तुमचा
बलभीम